नर्सचा तुटवडा कमी करायला जिल्हा परिषद, महापालिका काय करू शकतात?

करण्यासारखं बरंच आहे. ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडेच असतात. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथली एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, लसीची पेटी खांद्याला अडकवून वाड्या-वस्त्या पायी करते आणि रात्री बाळंतपणासाठी कुणी दार वाजवलं तरी तीच उठते.

माझ्या मते सुरुवात क्वार्टरपासून करावी. छत गळतंय, नळाला पाणी नाही, दाराची कडी नीट लागत नाही, अशा खोलीत एकटी बाई कशी राहील? मग ती तालुक्याहून एसटीने ये-जा करते, नाहीतर बदली मागते. ही दुरुस्ती ग्रामपंचायतही करू शकते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याकरता वेगळं अनुदानही ठेवलं होतं.

रिक्त पदं तर वेळेवर भरायलाच हवीत. कंत्राटावर अनुभवी सिस्टर टिकत नाहीत, आणि का टिकाव्यात? मुंबई महापालिका केईएम, नायर, सायनमध्ये स्वतः नर्सिंगचं शिक्षण देते. इतर मोठ्या महापालिकांनीही ते मनावर घ्यावं. जिल्हा परिषदांनी गावातल्या मुलींची जीएनएमची (नर्सिंगच्या डिप्लोमाची) फी भरावी आणि पुढे काही वर्षं त्याच तालुक्यात नोकरीची अट घालावी.