मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना इंग्रजीतील दुहेरी नकार टाळायला कसे शिकवावे?

‘कोणीच’, ‘काहीच’, ‘कधीच’ यांचे अर्थ ‘नोबडी’, ‘नथिंग’, ‘नेव्हर’ असे सुटे न सांगता ‘कोणीच… नाही’ अशा पूर्ण जोडीला मिळून सांगावेत. मराठीत या शब्दांना क्रियापदाजवळचा ‘नाही’ लागतोच, कारण नकार त्या ‘नाही’मध्ये असतो, ‘नोबडी’मध्ये मात्र तो आधीच सामावलेला असल्याने ‘मी कोणालाच पाहिले नाही’ याचे शब्दशः भाषांतर ‘आय डिडन्ट सी नोबडी’ असे चुकते. तेथे ‘आय डिडन्ट सी एनीबडी’ किंवा ‘आय सॉ नोबडी’ यांपैकी एकच रचना निवडायची, हे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवावे. याहून चिवट चूक ‘अन्टिल’ आणि ‘अनलेस’ यांची असते आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही: ‘पाऊस थांबत नाही तोपर्यंत’ यातील नकार इंग्रजीत उतरवायचाच नसतो, ‘अन्टिल द रेन स्टॉप्स’ एवढेच पुरते. मात्र एका वाक्यात एकच नकार हा नियम प्रमाण इंग्रजीपुरता आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसरच्या इंग्रजीत आणि आजच्याही अनेक बोलींत दुहेरी नकार रूढ आहे, त्यामुळे तो ‘अडाणी’ ठरवू नये, आणि ‘नॉट इम्पॉसिबल’सारखा हेतुपुरस्सर केलेला प्रयोग तर प्रमाण भाषेतही चालतो.