पाऱ्याची वाफ, कोळसा आणि गंधक

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापी फुटून पारा फरशीच्या भेगांत गेला. दिसणारे थेंब आम्ही गोळा केले आणि भेगांवर गंधकाची पूड टाकली. हवेतील वाफ शोषून घेण्यासाठी खोलीत लाकडी कोळसा ठेवावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. त्याचा उपयोग होईल का?
— एक विज्ञान शिक्षिका, सातारा

उत्तर : साध्या कोळशावर विसंबून राहू नये. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत पाऱ्याचे अणू अडकतात खरे, परंतु ते नुसतेच चिकटलेले असल्यामुळे उष्णता वाढली की पुन्हा सुटतात. पारा कायमचा धरायचा, तर त्याच्याशी रासायनिक संयोग करणारे काहीतरी त्या छिद्रांत असावे लागते. म्हणूनच उद्योगांत सक्रिय कोळशात (म्हणजे प्रक्रिया करून अधिक सच्छिद्र केलेल्या कोळशात) साधारण १० ते १५ टक्के गंधक मुरवून तो वापरतात. त्यातून हवा खेचली की पाऱ्याचे सल्फाइड, म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग, तयार होऊन तेथेच राहते.

हे रसायन आपल्याकडे जुनेच आहे, कारण वैद्यांची कज्जली म्हणजे खलात घोटलेला पारा आणि गंधकच. मात्र ती तासन्‌तास घोटावी लागते. नुसती पूड भुरभुरली, तर थेंबाच्या पृष्ठभागावर सल्फाइडचा पातळ थर येतो आणि आतला पारा तसाच राहतो. आपण टाकलेली पूड निरुपयोगी नाही, पण ती पुरेशीही नाही.

औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांत अडचण निराळी असते. तेथील पाऱ्याचा काही भाग मूलद्रव्याच्या रूपात असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे धूर धुणाऱ्या यंत्रणेतून निसटतो. ब्रोमिनयुक्त कोळशाची पूड धुरात फवारली, तर पाऱ्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो पुडीला धरून राहतो आणि ती पूड राखेबरोबर गाळली जाते. या पाऱ्याच्या उत्सर्जनाला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

नैसर्गिक वायूच्या कारखान्यांना पारा अडवण्याचा धडा महागात पडला. अल्जीरियातील स्किक्दा येथे १९७३ मध्ये वायूतील पाऱ्याने ॲल्युमिनियमची उष्णता-विनिमयक यंत्रणा पोखरली. तेव्हापासून अशा कारखान्यांत पारा अडवणारे थर आवश्यक मानले जाऊ लागले. द्रवरूप हायड्रोकार्बनमध्ये गंधक विरघळून वाहून जात असल्यामुळे तेथे ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) बसवलेले धातूंचे सल्फाइड अधिक सोयीचे ठरते. सोनेही पारा उत्तम धरते, पण ते महाग असल्यामुळे हवेतील पारा मोजणाऱ्या उपकरणांपुरतेच वापरले जाते.

आपल्या खोलीसाठी मात्र मूळ पारा काढणे हाच खरा उपाय आहे, कारण २० अंश सेल्सिअसला बंद हवेत दर घनमीटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम पारा मावतो आणि ३० अंशांना त्याच्या दुपटीहून अधिक. कामाच्या जागेसाठी अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. मुलांना आत येऊ देऊ नये, बाहेरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भेगांतील माती खरवडून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावी आणि व्हॅक्यूम क्लीनर मुळीच लावू नये. त्याने थेंब बारीक होऊन वाफ खोलीभर पसरते.