नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली, 'मोबाइल घेऊन या' म्हणे

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका गावात नळयोजना कागदावर पूर्ण झाली, पण एका वस्तीत नळाला थेंब नाही, ही बातमी मी माझ्या साप्ताहिकात छापली. खात्यातल्या एकाने मोजमाप पुस्तिकेचे (झालेल्या कामाची मोजमापं नोंदवतात ती सरकारी वही) फोटो दिले होते. आता 'गावात तेढ निर्माण केली' म्हणून माझ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 353(2) खाली गुन्हा दाखल झालाय. काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली : उद्या 11 वाजता मोबाइल, लॅपटॉप घेऊन या, माहिती कोणी दिली ते सांगा. घरचे म्हणतात, सिद्दीक कप्पनसारखं आत टाकतील. काय करू?

उत्तर : आधी घरच्यांची भीती. केरळचे पत्रकार कप्पन हाथरसला जाताना 5 ऑक्टोबर 2020 ला पकडले गेले आणि सुटले 2 फेब्रुवारी 2023 ला. त्यांच्यावर यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावला होता, त्यात जामीन मिळणं महाकठीण. तुमच्यावर तो नाही. 353(2) ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र आहे खरा, पण म्हणून अटक झालीच पाहिजे असं नाही. अटक का हवी याची कारणं पोलिसांनी नोंदवली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयात अर्नेश कुमार प्रकरणात 2014 सालीच ठरलंय. तरीही सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा. आणि अटक झालीच, तर कारणं लेखी मागा. न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाचे प्रबीर पुरकायस्थ यांची अटक 15 मे 2024 ला नेमक्या याच मुद्द्यावर बेकायदा ठरली.

व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस ही रीतसर नोटीस नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-अटकेची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 35 ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस अशी बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय. पण या मुद्द्यावर घरी बसून राहू नका. आजच लेखी अर्ज द्या : 'रीतसर नोटीस द्यावी, मी हजर राहतो.' दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ठाणे अंमलदार शिक्का द्यायला कुरकुर करील, तर स्पीड पोस्टाने पाठवा. हजेरीला वकील सोबत न्या.

खरी ओढाताण मोबाइलची आहे. माझ्या मते त्यांना तुम्ही नकोच आहात, फोटो पाठवणारा हवाय. पत्रकाराला बातमीचा स्रोत लपवण्याचा सरसकट हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. प्रेस कौन्सिलच्या 1978 च्या कायद्यातलं संरक्षण त्या कौन्सिलपुरतंच. तुमचा आधार वेगळा : तुम्ही आरोपी आहात, आणि राज्यघटनेच्या कलम 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पासवर्डबाबत न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, म्हणून तोंडी हो-नाही न करता वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. फोन जप्त केलाच, तर पंचनाम्याची प्रत घ्या. जप्तीचं चित्रीकरण करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

गुन्हा रद्द करून घेण्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, सांगलीहून तासा-दीड तासाचा रस्ता. तिथे दोन गोष्टी मांडा. एक, 353 ला अपवाद आहे : मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं, हेतू शुद्ध होता आणि तेढ पेरायची नव्हती, तर गुन्हा होत नाही. दुसरी, इम्रान प्रतापगढी प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा 28 मार्च 2025 चा निकाल. बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणं उचित, असं त्यात म्हटलंय. तुमच्याकडे ती झाली का, हे एफआयआरची प्रत हातात घेऊन बघा.

तुमची कच्ची बाजू म्हणजे ते फोटो. कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्या प्रकरणात टिळक-आगरकरांनी छापलेली पत्रं बनावट निघाली आणि 1882 मध्ये दोघांना डोंगरीचा तुरुंग पाहावा लागला, 101 दिवस. त्याच मोजमाप पुस्तिकेची प्रमाणित प्रत माहिती अधिकारात आजच मागवा. वस्तीतल्या चार-पाच जणांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या, कोरड्या नळाचे तारखेसह फोटो काढा.

आणि तोवर फोनमधलं काहीही पुसू नका, खात्यातल्या त्या माणसाची चॅटसुद्धा. पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागतं, आणि ते मात्र सिद्ध करणं सोपं असतं.