वेस्टर्न क्लासिकल कंपोझर म्हणून करिअर होतं का? घरचे विचारतात, पोट कसं भरणार?

तुम्ही लिहिलंय की पियानोच्या ग्रेड परीक्षा झाल्यात, एक स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चौघांसाठीची रचना) लिहून तयार आहे आणि घरच्यांचा ठेका एकच, पोट कसं भरणार. मी कंपोझर नाही, नोकरी सांभाळून व्हायोलिन वाजवतो, पण या लोकांची चूल कशी पेटते याची मला भारी उत्सुकता. म्हणून अमेरिकन कंपोझर फिलिप ग्लासचं सांगतो, कारण त्याने पैशाचा विचार नीट केला होता आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड या संगीतशाळेत शिकून हा पॅरिसला नादिया बुलांजे या नावाजलेल्या शिक्षिकेकडे गेला. तिथे १९६५ च्या सुमारास रविशंकरांच्या एका सिनेमाच्या संगीताचं नोटेशन करायचं काम मिळालं, कारण वाजवणारे तिकडचे, त्यांना कागद लागतो. आता हा बापडा मात्रांचे गट पाडून उभ्या रेघा मारतोय आणि तबल्यावर बसलेले अल्लारखाँ दर वेळी सांगतायत की जोर चुकीच्या जागी पडतोय, सगळे सूर सारखेच. शेवटी वैतागून त्याने रेघाच खोडून टाकल्या, तेव्हा जमलं. पुढे तो ज्या लयीच्या आवर्तनांसाठी ओळखला गेला त्याची सुरुवात इथली.

न्यूयॉर्कला परत आल्यावर याचं संगीत वाजवणार कोण? मग १९६८ मध्ये स्वतःचाच ग्रुप काढला आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आपली नोटेशन्स बरीच वर्षं बाहेर कुणाला वाजवायला दिलीच नाहीत, ऐकायचंय ना, मग आमच्या ग्रुपला बोलवा, पैसे द्या. पक्का माणूस. बाकी खर्चाला प्लंबिंग आणि टॅक्सी. एकदा एका घरी डिशवॉशर बसवत होता, तर ते घर निघालं टाइम मासिकाच्या कलासमीक्षकाचं, तो बघतच राहिला, अहो तुम्ही कलाकार, इथे काय करताय!

१९७६ मध्ये त्याचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, हाउसफुल्ल, आणि तरी डोक्यावर कर्ज, कारण एवढ्या मोठ्या प्रयोगाचा खर्च तिकिटांतून निघतच नाही. गडी परत टॅक्सीवर. हॉलंडहून गांधीजींवरच्या ऑपेराचं काम आलं (गाणी चक्क गीतेच्या संस्कृत श्लोकांची, १९८० ला रॉटरडॅमला पहिला प्रयोग), तेव्हा कुठे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बाकीची कामं सुटली.

तर घरच्यांना खरं सांगा, पहिली बरीच वर्षं पगार दुसरीकडून येणार. क्लासेस घ्या, जाहिरातींचं, सिनेमाचं काम आलं तर सोडू नका, पण सही करण्याआधी हक्क कुणाकडे राहतायत ते वाचा, आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सदस्यत्व घ्या. आणि ते क्वार्टेट फाइलमध्ये कशाला ठेवलंय? वाजवणारे चौघं गाठा, प्रवासखर्च आणि जेवण द्या, रेकॉर्डिंग करून घ्या, कारण काम देणारा आधी तेच मागतो.