जॉर्डन मोठा की रसेल? वादात उतरण्याआधी

टिळकवाडीच्या कट्ट्यावर बिल रसेलपेक्षा मायकल जॉर्डनच मोठा म्हणून तू तावातावानं भांडलास, ते आवडलं मला. रसेल म्हणजे १९५०-६० च्या दशकांतला, बचावासाठी गाजलेला खेळाडू. बेळगावात क्रिकेट सोडून बास्केटबॉलवर बोलणारी पोरं हवीतच.

पण नुसते आकडे शेजारी ठेवू नकोस. रसेलच्याच काळातल्या विल्ट चेंबरलेननं १९६१-६२ मध्ये सामन्यामागे ५०.४ गुण काढले. तेव्हा खेळ फार वेगात चालायचा, शॉट जास्त, म्हणून रिबाउंडही (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) भरमसाट. उलट लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, १९७९ ला आली. त्याआधी कितीही लांबून टाका, दोनच गुण. हे आधी बघ की, मग बोल.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती इथं:

- विजेतेपदं मोजून मोकळी होतात. रसेलची ११, पण त्यातली ९ लीगमध्ये आठ-नऊच संघ असताना.
- न मोजलेलं शून्य धरतात. ब्लॉक, म्हणजे अडवलेले शॉट, १९७३-७४ पासून नोंदवायला लागले आणि रसेल १९६९ लाच थांबला. त्याची खरी ताकद कागदावर नाहीच!

सध्या प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या खेळाडूंशी ताडून बघ. किचकट आकडेमोड नंतर शिकू. आणि हायलाइट नकोत, रसेलचा जुना सामना बघ. अडवलेला चेंडू बाहेर न भिरकावता तो आपल्याच गड्याकडे कसा ढकलायचा, त्यावर नजर ठेव.