इंग्रजी अडखळतं, आंतरराष्ट्रीय कायदा शिकवता येईल का?

प्रश्न : ताई, मुलगी साताऱ्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ ला कुलभूषण जाधवांचा निकाल टीव्हीवर बघितला तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचा आणि पुढे तोच शिकवायचा. पण शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बोलताना अडखळते. नातेवाईक म्हणतात हे मोठ्या घरच्यांचं काम. तिला काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, आधी तिला हर्श लाउटरपाख्ट यांच्याबद्दल सांगा, आमच्या विषयात फार मोठं नाव. जन्म १८९७ चा, ल्विव्हजवळच्या छोट्या गावात, ज्यू घरात (ते गाव आता युक्रेनमध्ये आहे). व्हिएन्नात केल्सन या नावाजलेल्या कायदेपंडितांकडे शिकून १९२३ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आले तेव्हा इंग्रजी इतकं कच्चं की गाईड मॅकनेअर यांना पहिल्या भेटीत हा मुलगा काय म्हणतोय तेच कळेना, म्हणाले आधी इंग्रजी शिकून या. दोन आठवड्यांनी गडी परत आला तो चांगलं बोलतच, कारण तेवढे दिवस एका लेक्चरमधून उठून दुसऱ्यात जाऊन बसायचं आणि कान देऊन ऐकायचं एवढंच त्याने केलं होतं.

१९२७ ला थिसिसचं पुस्तक, तिथेच असिस्टंट लेक्चररची नोकरी, १९३८ ला केंब्रिजमध्ये मॅकनेअर यांच्याच जागेवर प्रोफेसर, १९५५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश. मधल्या काळात नाझींनी आईवडील, भावंडं मारली, आणि हा माणूस नाझी नेत्यांवरच्या न्युरेंबर्ग खटल्यात ब्रिटिश टीमसोबत बसून काम करत होता. मला अजूनही हे वाचताना भरून येतं.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच काम. मॅकनेअर आणि ते, दोघांनी मिळून जगभरच्या कोर्टांचे आंतरराष्ट्रीय कायद्यावरचे निकाल गोळा करून खंड काढायला घेतले, पहिला १९२९ ला आला. ती मालिका आजही चालू आहे, दोनशेच्या वर खंड झालेत. जाधव केसमध्ये वकिलातीच्या लोकांना कैद्याला भेटू द्यायचं की नाही हा मुद्दा होता, म्हणजे वकिलातींच्या कामाबद्दलच्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६, आणि १५ विरुद्ध १ असा निकाल देताना हेगच्या याच कोर्टाने जर्मनीच्या २००१ च्या आणि मेक्सिकोच्या २००४ च्या, अमेरिकेविरुद्धच्या दोन जुन्या केसेसचा आधार घेतला. जुने निकाल शोधून, नीट वाचून लावून ठेवणं, प्राध्यापकाचं निम्मं आयुष्य यातच जातं. त्याला फाडफाड इंग्रजी लागत नाही, चिकाटी लागते.

आता रस्ता. एलएलएम, मग नेट म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, जमलं तर त्यातच जेआरएफ म्हणजे फेलोशिपचे पैसे येतात, मग पीएचडी. दिल्लीत जेएनयूला या विषयाचं वेगळं सेंटर आहे, आर. पी. आनंद तिथलेच, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या बाजूने त्यांनी आयुष्यभर लिहिलं, तिने त्यांना जरूर वाचावं. एक खरं सांगते, आपल्याकडच्या बऱ्याच लॉ कॉलेजांत या विषयाचा एखादाच पेपर असतो, त्यामुळे सुरुवातीला कॉन्ट्रॅक्ट नाहीतर राज्यघटना पण शिकवावी लागेल. त्याची तयारी हवी.

जाधव निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट आहे. तिला रोज पाच पानं मोठ्याने वाचू द्या, अडलेले शब्द वहीत लिहू द्या, आणि कुठल्या परिच्छेदापाशी गाडी अडली ते मला पुढच्या पत्रात कळवा, त्यावर इथेच लिहीन.