आणखी मदत मागितली, तर मिळालेला प्रवेश जाईल का?

अमेरिकेतील महाविद्यालयांची प्रवेशपत्रे साधारणपणे मार्चअखेरपर्यंत येतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. या मधल्या महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा सर्वांत मोठा प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो, व्हिसाचाही नसतो. “मॅडम, महाविद्यालयाने दिलेली आर्थिक मदत पुरत नाही. पण आम्ही आणखी मागितली आणि त्यांनी जागाच काढून घेतली तर?” हा प्रश्न बहुतेक जण आवाज खाली आणून विचारतात. त्याचे उत्तर देण्यासाठी गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका कुटुंबाचा अनुभव मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी बारावीला विज्ञान शाखेत होती. वडील तारवटी, परदेशी क्रूझ जहाजावर इंजिन विभागात फिटर म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढली होती. आई अनुदानित प्राथमिक शाळेत शिक्षिका. अमेरिकेच्या पूर्व भागातील एका लहान महाविद्यालयाने मुलीला प्रवेश दिला आणि वर्षाच्या ८४,००० डॉलर खर्चापैकी ५०,००० डॉलरचे अनुदान देऊ केले. उरलेले ३४,००० डॉलर म्हणजे डॉलरला ८६ रुपये धरले तरी वर्षाला २९ लाखांच्या पुढे. घरची सगळी ओढाताण केली तर वर्षाला १२,००० डॉलर उभे राहत होते. मुलीने नकाराचे पत्र लिहूनही ठेवले होते.

पत्र पाठवण्याआधी त्यांनी भरलेला मदतीचा अर्ज मला पाहायचा होता. अनेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांकडून कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेचा सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक मदतीचा अर्ज मागतात. कुटुंबाने किती वाटा उचलावा, हे त्यातील उत्पन्न आणि मालमत्तेच्या आकड्यांवरून ठरते. आपल्याला किती परवडते असे आपल्याला वाटते, त्यावरून नव्हे. त्यामुळे मिळालेली रक्कम कमी वाटली, तर आपण कोणती माहिती दिली आणि त्यांना त्यातून कोणते चित्र दिसले, हे आधी तपासावे लागते.

येथे ते चित्र दोन ठिकाणी बिघडले होते. या अर्जात मुख्य आधार दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाचा असतो. त्या वर्षी वडील जहाजावर होते आणि पगार डॉलरमध्ये येत होता. नंतर त्यांच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली, वैद्यकीय तपासणीत ते जहाजावरील कामासाठी अपात्र ठरले आणि घरी परतून त्यांनी गावातच दुरुस्तीचे छोटे दुकान घातले. अर्जात विशेष परिस्थितीसाठी वेगळी जागा असते. तिथे त्यांनी काहीच लिहिले नव्हते. “घरचं दुखणं परक्यांना कशाला सांगायचं?” असे वडील म्हणाले. त्यांचा संकोच मी समजू शकते, पण ज्या कार्यालयाला आपली परिस्थिती ठाऊकच नाही, ते तिचा विचार कोणत्या आधारावर करणार?

दुसरी गोष्ट कुळागराची. माड-पोफळीचे वडिलोपार्जित कुळागर मालमत्तेच्या रकान्यात पूर्ण किमतीने दाखवले होते. प्रत्यक्षात आजोबांच्या पश्चात वाटणी झालेली नव्हती, इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची, कार्यवाही न्यायालयात दाखल नव्हती आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर) वडिलांबरोबर काका, आत्या आणि चुलत भावंडांचीही नावे होती. गोव्यात हे घरोघरी दिसते. मात्र हजारो मैल दूर बसलेल्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसला तो लाखो रुपयांच्या जमिनीचा एकच आकडा. त्या जमिनीत कुटुंबाचा हिस्सा किती लहान आहे आणि ती एकट्याला विकता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून मुलीने ‘मला आणखी पैसे द्या’ असे पत्र लिहिलेच नाही. तिने महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य विभागाला फेरविचाराची विनंती पाठवली, आणि ती प्रवेश विभागाला नव्हे तर त्याच विभागाला पाठवायची असते. पत्र एका पानाचे होते. आभार मानल्यावर तिने उत्पन्न कोणत्या महिन्यापासून आणि का घटले हे लिहिले, कुळागरातील वडिलांचा हिस्सा स्पष्ट केला, कुटुंब वर्षाला १२,००० डॉलर देऊ शकते हे सांगितले आणि २२,००० डॉलरची तूट आकड्यात मांडली. हा आकडा लिहायला ती कचरत होती. मी मात्र आग्रह धरला, कारण ‘शक्य तितकी मदत करावी’ या वाक्यावरून समितीला काहीही ठरवता येत नाही.

सोबतची कागदपत्रे जमवण्यातच खरा वेळ गेला. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डिस्चार्ज कार्ड, जहाज सोडल्याची सीडीसीमधील (खलाशाच्या सेवानोंद पुस्तिकेतील) नोंद, कंपनीचे पत्र, आईच्या पगाराच्या पावत्या, दुकानाच्या हिशेबाबद्दल सनदी लेखापालांचे पत्र आणि एक-चौदाचा उतारा. येथे तारवट्यांच्या घरांतील एक अडचण सांगायला हवी. वर्षातील पुरेसे दिवस परदेशी जहाजावर काढलेल्या खलाशाचा दर्जा अनिवासी ठरतो, त्यामुळे जहाजावरचा पगार भारतातील करपात्र उत्पन्नात येत नाही आणि प्राप्तिकर विवरणपत्रात बँकेच्या व्याजाएवढेच काहीतरी दिसते. अर्जात पगार खरा आणि विवरणपत्रात जवळजवळ काहीच नाही, अशी विसंगती दिसली की तपासणाऱ्याला शंका येते. ती शंका विचारली जाण्याआधीच दोन ओळींत दूर करावी, आणि या कुटुंबाने तसेच केले.

आता मूळ भीतीकडे येते. प्रवेश दिल्यानंतर केवळ नम्रपणे फेरविचार मागितला म्हणून महाविद्यालय जागा काढून घेत नाही. ही विनंती त्या कार्यालयाच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. ते नाही म्हणू शकतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना बऱ्याचदा म्हणतातही. अमेरिकी केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यामुळे सगळी रक्कम महाविद्यालयाच्या स्वतःच्या मर्यादित निधीतून द्यावी लागते. जागा धोक्यात येते ती खोट्या माहितीने किंवा मुदत चुकवल्याने.

भीतीला खरा आधार आहे तो प्रवेशाच्या आधी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज न पाहता प्रवेशाचा निर्णय घेतात. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागणे प्रवेशाच्या तराजूत पडते. हे कळल्यावर मडगावच्या एका कुटुंबाने संधी वाढावी म्हणून मदतीचा अर्जच केला नाही. आधी आत जाऊ, मग मागू, असा त्यांचा हिशेब होता. प्रवेश मिळाला, पत्रही लिहिले, आणि उत्तर आले की प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याचा पुढील चारही वर्षे विचार होणार नाही. हा नियम अनेक महाविद्यालयांत असतो आणि आधीच जाहीर केलेला असतो. त्या मुलाची हुशारी आणि आईवडिलांची तळमळ आठवली की आजही वाईट वाटते. गरज असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, हे मी त्यानंतर प्रत्येक पालकाला सांगते.

दुसऱ्या महाविद्यालयाचे अधिक चांगले पत्र दाखवावे का, हेही विचारले जाते. गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणाऱ्या ठिकाणी त्याचा उपयोग होऊ शकतो. फक्त गरजेवर मदत देणाऱ्या ठिकाणी ते पत्र बरोबरीच्या संस्थेचे असेल आणि तिने कुटुंबाचा वाटा वेगळा मोजला असेल, तरच त्याला अर्थ असतो. बाजारातल्यासारखी घासाघीस मात्र कुठेही करू नये.

फोंड्याच्या मुलीचे अनुदान ५०,००० वरून ६४,००० डॉलर झाले. मागितले होते त्यापेक्षा कमी, आणि ८,००० डॉलरची तूट राहिलीच. होकार देण्याआधी मी तिला आणखी दोन गोष्टी विचारायला लावल्या: दरवर्षी शुल्क वाढते तेव्हा अनुदानही वाढते का, आणि आरोग्य विमा या ८४,००० मध्ये धरला आहे का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, म्हणून पुढील तीन वर्षांची वाढ धरून हिशेब पुन्हा मांडावा लागला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत महाविद्यालयाच्या आवारात काम करता येते, त्यातून खर्चाला हातभार लागतो. पण आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रासाठी, पहिल्या वर्षाच्या पैशाचा पुरावा देताना त्या कमाईवर भिस्त ठेवू नये.

कुळागर तारण ठेवून कर्ज काढावे, असे आईने सुचवले. पण ज्या कारणासाठी त्याची पूर्ण किंमत आपली नव्हती, त्याच कारणासाठी सर्व हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय ते तारण ठेवणेही शक्य नव्हते. “बाय, काकांना या वयात सह्यांसाठी फिरवायचं नाही,” असे वडिलांनी मुलीला सांगितले आणि आईच्या नावावरील सदनिका तारण ठेवण्याचे ठरले. बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेच्या अटी तपासायला मी त्यांना पाठवले. गोव्यातील पालकांनी हा दरवाजा आधी ठोठवावा. बँकेच्या कर्जावरील व्याजाला जुन्या करप्रणालीत प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-ई खाली वजावट मिळत होती, तीही हिशेबात धरली.

विनंतीचे उत्तर १ मेपर्यंत येईल असे दिसत नसेल, तर होकाराची मुदत वाढवून मागणारा ईमेल एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच पाठवावा आणि मुदत वाढल्याचे लेखी उत्तर आल्याशिवाय ती वाढली असे धरू नये.